नाताळच्या जेवणात तीनच पदार्थ

महोदय,

नाताळ तोंडावर आला की आमच्या वसईत घरोघरी एकच विषय, यंदा जेवणात काय काय करायचं? गेल्या वर्षी आम्ही सूपपासून कस्टर्डपर्यंत नऊ पदार्थ केले. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साहून, म्हणजे प्रार्थनेहून, आल्यावर सासूबाई पहाटेपर्यंत ओट्यापाशी उभ्या. दुपारी सगळे जेवायला बसले, तेव्हा त्या खुर्चीतच झोपी गेल्या. ते माझ्या मनाला फार लागलं.

यंदा तीनच पदार्थ ठरवलेत: सोरपोतेल म्हणजे डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट कालवण, बाटली मसाल्यातलं (बाटल्यांत भरून ठेवतो तो आमचा घरगुती मसाला) कोंबडीचं कालवण आणि फुगे, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे. सोरपोतेल 23 तारखेलाच करून ठेवणार. व्हिनेगरमध्ये मुरल्याशिवाय त्याला खरी चव येत नाही. फुगे मात्र ऐन वेळी. नारळाच्या रसात भिजवून फुगलेलं पीठ मुठीत धरायचं, अंगठ्याजवळून गोळा वर काढायचा आणि अलगद तेलात सोडायचा. हे मुलांनी आजीच्या शेजारी बसून शिकावं, मुलग्यांनीसुद्धा. गोडाला नेवऱ्या, कलकल डब्यात असतातच.

नणंदा म्हणतात, पाहुण्यांना कमी वाटेल. वाटू दे. यंदा पहिला गरम फुगा सासूबाईंच्या ताटात पडणार.

– एक गृहिणी, वसई