बाबा, घराबाहेर पडा

नाशिक

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल जर्मनीला, स्टुटगार्टला दादाशी बोलले. आई सकाळी फिरून येते, बाबा मात्र दिवसभर खिडकीपाशी बसून असतात, असं तो सांगत होता. तिथल्या लोकांची भाषा येत नाही, उगाच कुणाला त्रास कशाला, असं तुमचं म्हणणं. बाबा, हे मला अजिबात पटलेलं नाही.

भांडी बाजारातल्या दुकानात तुम्ही जन्म काढलात. 2015 च्या सिंहस्थात आपल्या दुकानाची पायरी कुठल्या मुलखातल्या माणसांनी चढली नाही? तेलंगणातल्या त्या बायका मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. त्यांना ना मराठी येत होतं ना हिंदी, आणि तुम्हाला तेलुगूचा गंध नाही. गोदेचं पाणी घरी न्यायला त्यांना तांब्याचा गडू हवा होता, पण रेल्वेत तो गळेल अशी धास्ती. तुम्ही गडू काठोकाठ भरलात, फिरकीचं झाकण आवळलंत आणि त्यांच्यासमोर सरळ उलटा धरलात. थेंब पडला नाही. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाईंनी तो स्वतः हातात घेऊन हलवून बघितला आणि सात बोटं दाखवली. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या गावची आणखी माणसं घेऊन आल्या. ज्यांना हे जमलं, त्यांनी स्टुटगार्टला जाऊन घरात बसावं?

तिथली माणसं अबोल वाटतात खरी. पण दुकानात शिरताना, दवाखान्यात बाकावर बसण्याआधी, अनोळखी माणूससुद्धा सगळ्यांना ‘हालो’ म्हणतो आणि निघताना ‘च्युस’. आपल्याकडे ही रीत नाही, म्हणून आपण गुपचूप जाऊन बसतो आणि त्यांना ते तुटक वाटतं. एवढं म्हणाच.

आठवडे बाजारात टोमॅटो दाबून बघू नका, बोटाने दाखवा, विकणाराच काढून देतो. बोटांवर मोजणं तिथे अंगठ्यापासून सुरू होतं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट म्हणजे दोन, हे लक्षात ठेवा. आणि दर वेळी त्याच माणसाकडे जा. गिऱ्हाईक ओळखीचं कसं होतं, हे तुम्हाला मी काय सांगू! डब्यातल्या खाऊत जिलेटिन आहे का, हे बघायला मोबाईलचं भाषांतर उपयोगी आहे. समोर माणूस असेल तेव्हा मात्र आधी त्याच्याकडे बघून हसा, मोबाईल नंतर काढा.

आणखी एक सुचवते. दादाच्या इमारतीत जिना झाडण्याची पाळी असते, तिला ‘केअरवोखे’ म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी अडकवतात. त्या भागातली ही जुनी रीत आहे आणि कोपरे नीट निघाले की नाहीत, हे शेजारी बारकाईने बघतात. दादा रात्री उशिरा कसंबसं उरकतो. या वेळची पाळी तुम्ही दोघांनी घ्या, शनिवारी सकाळी, लोक ये-जा करत असताना. दार लावून बसलेल्या पाहुण्यांशी कोण बोलायला येणार? पण पायऱ्या पुसणाऱ्या माणसाजवळ शेजारी दोन मिनिटं थांबतोच. फक्त रविवारी काही आवाज करू नका. त्या दिवशी लोक काचेच्या बाटल्यासुद्धा पेटीत टाकत नाहीत.

आई, तुझी मला काळजी नाही. दादाच्या घरामागच्या उतारावर द्राक्षतोडणी चालली आहे आणि तू बांधाशी उभी राहून बघत असतेस, हे ऐकून फार बरं वाटलं. इकडे निफाडला मामाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली. तिथे थंडीत वेल झोपते, म्हणून छाटणी एकदाच, हिवाळ्यात. आपली वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि आता पुन्हा ही. मामाच्या बागेचे फोटो पाठवते आहे, मांडवाचे आणि कोंब फुटावेत म्हणून पेस्ट लावलेल्या काड्यांचे. त्या मळेवाल्यांना दाखव. काडीवरचा डोळा बोटाने दाखवलास की त्यांना बाकीचं कळेल. बाबांनाही बरोबर ने.

दिवाळीच्या फराळातलं थोडं खालच्या आजींना द्या. चकलीत तिखट कमी घाल आणि अचानक दाराशी जाण्याऐवजी दादाला आधी वेळ विचारून ठेवायला सांग. बाबांच्या बीपीच्या गोळ्या महिनाभर पुरतील ना, तेवढं कळव.

तुमची,
मनू