फौजदाराचा पाय

बेटा,

फोनवर तुले धड सांगता आलं नाही, इकडं पाऊस लागला का रेंज जाते, म्हणून आता बसून लिहून राहिली. तुहा फौजदार कोंबडा बरा हाये. पन पाय अजून पुरता नीट नाही, अन् त्यात चूक माहीच हाये.

झालं असं का मंगळवारी सकाळी तो उकिरड्यावरून उतरतानी उजवा पाय उचलून उचलून टेकवत होता, मले वाटलं पोट्ट्याइनं ढेकूळ मारलं असंन नाहीतर कडुनिंबावरून उडी मारतानी मुरगळला असंन, म्हणून तीन दिवस गुडघ्याले हळद-तेल चोळत बसली. पाय उलटून पाह्यलाच नाही! तिसऱ्या रात्री खुराड्यातून हळूच धरला, दिवसा कुठं हातात येते तो, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून डोकं झाकलं तं एकदम चुपचाप. टॉर्च लावून तळवा पाह्यला तं मधोमध काळी खपली, तुरीच्या दाण्याएवढी, भवताल सुजून लाल झालेलं, अन् दुसऱ्या पायापेक्षा गरम. गावातल्या जनावराइले पाहणारी पशुसखी ताई आली ते हसली, म्हणे काकू, तुम्ही जिथं तेल चोळलं तो गुडघा नाही, कोंबड्याचा घोटा हाये, गुडघा त्याचा वर पिसात लपून असते. घ्या आता.

मग जनावराच्या डॉक्टरच्या गाडीचा नंबर हाये ना, १९६२, त्याले फोन लावला, गाडीतून डॉक्टर आले. त्याइनं सांगतलं याले बम्बलफूट म्हणते. पायाले बारीकशी चीर पडते नाहीतर काटा रुततो, त्यातून जंतू शिरते अन् आतमधी पू घट्ट होऊन गाठ बनते. श्रावणातला चिखल, वल्लं खुराडं, उंचावरून धपकन उडी, अन् वरून तुह्या बाबाचं त्याले भाकरी चारू चारू वाढवलेलं वजन, सगळंच जमून आलं. मी म्हटलं ब्लेडनं गाठ काढू का, तं डॉक्टर चिडलेच. घरी कापायचं नाही, रगत थांबत नाही अन् जंतू आणखी आत जाते. त्याइनंच साफ केलं, त्याचं वजन करून गोळ्या देल्या, दोन किलो आठशे भरला बापा!

आता रोज संध्याकाळी कोमट पाण्यात एप्सम मीठ टाकून दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवते, कोरडा पुसते, बेटाडीन लावते, जाळीची पट्टी बांधते. पहिल्या दिवशी पट्टी इतकी कसली का बोटं सुजली, आता बांधल्यावर बोटं गार तं नाही पडली हे पाहून घेते. हातमोजे घालते, कारण हाच जंतू माणसालेबी फोडं आणते म्हणे. खाली तुरीचं कुटार टाकलं होतं ते काढलं, टोचते ते, कोरडी रेती अन् त्यावर पोतं टाकलं. बसायची काठी गुडघ्याएवढ्या उंचीवर आणली, माह्या गुडघ्याएवढ्या.

तू फोनवर मारेक-मारेक करत होता, कोंबड्याइचे पाय लुळे पाडणारा रोग, ते नाही हे. त्यात जास्त करून तरणी पाखरं सापडते, एक पाय पुढं अन् एक मागं ताणून पडून राह्यते, जखम काहीच दिसत नाही, अन् त्याले औषध नाही. लस एक दिवसाच्या पिल्लाले द्यावी लागते, आपली पिल्लं कोंबडीखाली निघालेली, त्याइले कोण देते. फौजदार तं दोन वर्साचा हाये, दोन्ही पाय हालवते, बोटं मिटते, दाणे टिपते.

आपल्या कवडी कोंबडीचं मात्र वेगळंच निघालं. तिच्या पायाचे खवले वर उचलले, खाली पांढरी भुकटी, चुन्यासारखी. ते खवल्याखालचे किडे असते. तुही मोठी आई म्हणे राकेल लाव, पन त्यानं कातडी भाजते. मी पाय भिजवून जुन्या ब्रशनं हळू घासते अन् खोबरेल तेलाचा जाड थर लावते, का किड्याले हवा नाही भेटली पाहिजे. खवले ओढून काढायचे नाही. बाकीच्या कोंबड्याइचेबी पाय पाहून राहिली, एकीचं दुसरीले लागते.

बाबा पहिल्या दिवशी म्हणत होते का लंगडा झाला तं पोळ्याच्या करीले कामी येईन. मी सांगतलं, गोळ्या चालू हायेत तवर अन् पुढं डॉक्टर सांगतीन तितके दिवस त्याचं मटण चालत नाही. तवापासून गप हायेत, आज तं सोताच पाणी कोमट करून देल्लं.

शनवारी येतानी मेडिकलमधून गॉजचे दोन बंडल अन् कापडाची चिकटपट्टी आन, इथली पाण्यानं निघून जाते. आल्यावर पट्टी तूच बदल, मले लय चोची मारते तो.

तुही आई