गाइडमधली आई आणि फडातली आई

चि. अस्मितास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तुझ्या पाचवीच्या वर्गातल्या पोरांच्या वह्यांचं सांगितलंस, ते डोक्यातून जाईना. ‘माझी आई’वर सगळ्या वर्गाचा निबंध एकच. आई पहाटे उठते, देवपूजा करते, डबा भरून देते, संध्याकाळी अभ्यास घेते. गाइडमधून जसाच्या तसा. आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त पोरांच्या आया दिवाळीनंतर कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात ऊस तोडायला जातात. डबा आजी करते, नाहीतर पोरगीच करते. आपल्या घरातलं लिहिण्याजोगं नसतं, असं या लेकरांना वाटतं, ते मला फार लागलं.

तू म्हणालीस, “आई, यांना शिकवून काय बदलणार? उद्या कोयताच हातात येणार.” थकून म्हणालीस, कळतं मला. पण पटलं नाही. म्हणून तुला मुक्ता साळवेची आठवण करून देते.

फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत तीन वर्षं शिकलेली, चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च अशा दोन अंकांत छापून आला. वेद जर फक्त ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असं ती देवालाच विचारते. इमारतींच्या पायात तिच्या लोकांना पुरत, तेही ती लिहिते. मी मात्र दरवेळी एकाच जागी थांबते. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, पावसावाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील ते स्वतःच्या अनुभवावरून ताडा, असं ती वाचणाऱ्यांना सांगते. चौदा वर्षांच्या पोरीनं बाळंतिणीचं दुःख मोठ्या लोकांपुढं मांडलं! शेवटी आपल्याच लोकांकडं वळून म्हणते, ज्ञानाचं औषध घ्या. अक्षरओळख झाल्याबरोबर तिनं ती आपल्या माणसांसाठी वापरली. शिक्षकांनी तिला तिच्या वस्तीकडं पाठ फिरवायला शिकवलं नव्हतं, म्हणून हे झालं असं मी मानते.

आता तुझ्या वर्गाकडं बघ. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, आजही बाया बाळंत होतात. अंगणवाडीत मी हंगामाआधी पोरांची वजनं घ्यायचे, आणि टोळ्या परतल्यावर पुन्हा. काट्यावर लेकरू हलकं झालेलं दिसायचं. आई म्हणायची, “बाई, पहाटं अंधारात फडात जायचं, लेकराला बांधावर निजवायचं, कुठलं खाणं न् कुठलं पिणं.” आजारी पडून एक दिवस बसलं तरी खाडा, म्हणजे गैरहजेरीचे पैसे, कापले जातात. गर्भपिशवी काढून टाकलेल्या बायांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली. आपल्या गल्लीत तो त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

तर गाइड बाजूला ठेव. आई कुठं आहे, काय काम करते, कधी परत येणार, एवढंच लिहायला सांग. शुद्धलेखन मागाहून बघ. मग गणिताच्या तासाला तोच विषय घे. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल किती घेतली, टनाला दर काय, नवरा-बायकोच्या एका कोयत्यानं दिवसाला किती तोडलं, खाडे किती गेले, हंगामाअखेरी अंगावर किती राहिले. आकडे पोरांनाच घरून आणू दे. उचल का फिटत नाही, हे पाचवीच्या पोराला वजाबाकीत दिसलं, की त्याला तो नशिबाचा खेळ वाटणार नाही. पुढं तो वकील होईल, कामगार अधिकारी होईल, किंवा कोयताच धरील पण हिशोब मागून धरील. तिन्ही मला मोठंच वाटतं.

एक मात्र सांभाळ. या वह्या ग्रुपवर टाकू नकोस, स्टेटसला लावू नकोस. मुकादमाचं नाव कुणी लिहिलं तर ते वर्गाबाहेर जाऊ देऊ नकोस; पुढच्या हंगामात त्याच घराला त्याच्याच दारात उचलीला उभं राहायचं असतं. रडू आलं तर पोराला थांबू दे.

आणि शाळा व्यवस्थापन समितीची बैठक दसऱ्याच्या आत घे. 2009 च्या कायद्यानं त्या समितीत 75 टक्के पालक असायला हवेत, निम्म्या बाया. पण आपल्याकडचे पालक अर्धं वर्ष गावातच नसतात, मग सह्या कोण करतं ते तुला ठाऊक आहे. टोळ्या हलायच्या आधी आयांना बोलावून हंगामी वसतिगृहाचा ठराव घ्या, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी पोरं गावातच शिकतील. गेल्या वर्षी ते सुरू व्हायला उशीर झाला आणि तेवढ्यात कितीतरी पोरं आईबापामागं गाडीत बसून गेली. पोरांनी लिहिलेला विनंतीअर्ज ठरावाला जोड. मुख्याध्यापक का-कू करतील. त्यांना माझं नाव सांग, मी येऊन बसते बैठकीला.

तब्येतीला जप. वेळेवर जेव.

तुझी,
आई