सत्काराचा फोटो दिसतो, काम कळत नाही

महोदय,

पदव्युत्तर शिक्षण घेऊन पुढे गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या बातम्या हल्ली वरचेवर दिसतात. बरं वाटतं. २००४ पर्यंत इथली, सोलापुरातली, महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. कागदपत्रांसाठी आम्ही रात्रीची एसटी धरायचो. आता केगावला आपलं विद्यापीठ आहे.

पण बातमीत शाल, श्रीफळ आणि मान्यवरांची नावं. ज्याचं कौतुक, तो काम काय करतो ते शेवटपर्यंत कळत नाही. आमच्या गल्लीतली मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून हैदराबादला औषध कंपनीत लागली. आई विड्या वळते. मांडीवर सूप घेऊनच तिने विचारलं, "मास्तर, ती तिकडं नेमकं करती काय?" गोळीत औषध नीट उतरलंय का ते तपासते, असं सांगितलं. "म्हंजी आमच्या चेकरवानीच की!" (विड्या बाद करणाऱ्या चेकरवर तिचा जुना राग आहे, तो वेगळा विषय.)

सेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) कितव्या खेपेला निघाली, फी कशी भरली, मुलाखतीत काय विचारलं, एवढ्या चार ओळी तरी छापा. मान्यवरांची नावं कमी केली की जागा निघेल.

– एक निवृत्त शिक्षक, अशोक चौक, सोलापूर