म्युनिकच्या काकूंना, लेकीच्या शाळेबद्दल

ती. स्व. काकूंना,
सा. न. वि. वि.

पत्रात नाव घालायचं नाही, असं तुम्ही बजावलं आहेत, म्हणून घालत नाही. पण हे पत्र चारचौघांना वाचता येईल असंच लिहितेय. पुण्याहून, नाशिकहून, बंगळुरूहून म्युनिकला येणारं प्रत्येक मराठी घर पहिल्या महिन्यातच विचारायला लागतं, मुलांना कुठल्या शाळेत घालायचं? आम्ही विचारलं तेव्हा तुम्ही होतात. तुमच्यासारखं माणूस सगळ्यांना भेटतंच असं नाही.

मंडळाच्या गणपतीत आपली ओळख झाली. लेक पुण्यात दुसरी संपवून आली होती आणि तिला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. ह्यांच्या कंपनीने पहिली दोन वर्षं इंटरनॅशनल शाळेची फी देऊ केली होती. वर्षाला वीस हजार युरोंच्या घरातली फी, शिकवणं इंग्रजीतून, आणि पुण्याला परत गेलो तरी अडचण नाही. आम्ही जवळजवळ ठरवलंच होतं. प्रसादाची ताटली हातात धरून तुम्ही एवढंच विचारलंत, "दोन वर्षांनी फी कोण भरणार? आणि तेव्हा ती कितवीत असेल?"

दोन वर्षांनी ती चौथी संपवत असणार होती. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्यात येतं त्या राज्यात, ग्रुंडशूल (प्राथमिक शाळा) चौथीपर्यंतच असते, आणि पुढे गिम्नाझियम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशूल (दहावीपर्यंतची मधली शाळा) की मिटेलशूल (कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी) हे तिथेच ठरतं. फी थांबली असती तर नेमक्या त्या वळणावर तिला जर्मन न येता सरकारी शाळेत जावं लागलं असतं. तिसरीपासूनच तिथे घातलं तर भाषेसाठी दोन वर्षं हातात होती. हा हिशेब आम्हाला कंपनीच्या कुठल्याच कागदात मिळाला नव्हता.

मग घराचं. इथे ग्रुंडशूल पत्त्यावर ठरते, तेव्हा भाड्याच्या करारावर सही करण्याआधी ते घर कुठल्या शाळेच्या हद्दीत येतं ते बघा, हे तुम्ही सांगितलंत, आणि आम्ही बघून ठेवलेल्या दोन्ही घरांचे पत्ते स्वतः बसून शोधून दिलेत. मुख्याध्यापिकांना भेटायलाही सोबत आलात. माझ्या वतीने बोलला नाहीत. मी इंग्रजीत अडखळले तिथे फक्त पुढचं वाक्य जर्मनमध्ये पुरं केलंत. लेकीला नेहमीच्या वर्गात बसवून भाषेचे जादा तास द्यायचं त्या भेटीत ठरलं.

चौथीचं वर्ष मात्र मी विसरणार नाही. इथे 1 म्हणजे सर्वांत चांगला गुण आणि 6 सर्वांत वाईट, हे अंगवळणी पडेपर्यंतच चाचण्या सुरू झाल्या. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, 2.66 पर्यंत रेआलशूल. मे महिन्याच्या सुरुवातीला हातात पडणाऱ्या एका प्रमाणपत्रावर हे सगळं येतं. दहा वर्षांच्या मुलांची अशी वाटणी करणं मला आजही पटत नाही. त्या वर्षी मुलं पोलिसांसमोर सायकल चालवायची परीक्षाही देतात, आणि लेकीला खरा आनंद झाला तो ती पास झाल्याचा. मी मात्र रोज दशांश मोजत होते.

तिला गणितात 2 होते, परिसर अभ्यासात 3, जर्मनमध्ये 4. सरासरी 3. रडवेल्या आवाजात मी तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही तो नियम सांगितलात. ज्यांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांची सरासरी 3.33 पर्यंत असली तरी शाळा त्यांना पात्र ठरवू शकते. त्यासाठी गुण भाषेमुळे कमी पडलेले असले पाहिजेत आणि ती उणीव भरून निघण्यासारखी वाटली पाहिजे. आमच्या ओळखीत कोणालाच हे ठाऊक नव्हतं. वर्गशिक्षिकांची वेळ घ्या, तिच्या गणिताच्या चाचण्या सोबत न्या आणि सरळ विचारा, असं तुम्ही म्हणालात. आम्ही विचारलं, आणि प्रमाणपत्रावर गिम्नाझियमसाठीही पात्र असं आलं.

इतक्यावर तुम्ही थांबला असता तरी तुमचे उपकार फिटले नसते. पण पेढे घेऊन आलो तेव्हा तुम्ही लेकीला जवळ बसवून विचारलंत, तुला काय वाटतं? गिम्नाझियममध्ये सहावीपासून लॅटिन किंवा फ्रेंच सक्तीचं असतं. जर्मन अजून बसतंय, इंग्रजी आहे, त्यात आणखी एक भाषा. लेक म्हणाली, मला रेआलशूलला जायचंय, तिथे सुतारकामाची खोली आहे. (शाळा बघायला सगळ्यांना खुली असते त्या दिवशी ती त्या खोलीतून निघायलाच तयार नव्हती.) तेव्हा तुम्ही तुमच्या मुलाबद्दल बोललात. तोही रेआलशूललाच गेला, दहावीनंतर फाखओबरशूल (पुढची व्यावसायिक उच्च माध्यमिक शाळा), तिथून उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठात, आणि आज इंजिनिअर आहे. तेरावीही केली तर आबिटुरची, म्हणजे विद्यापीठ प्रवेशासाठीच्या शालान्त परीक्षेची, वाटही तिथूनच निघते. त्याच्या वेळी तुम्हाला हे सांगणारं कोणी नव्हतं, हेही तुम्ही त्याच दिवशी बोललात.

आणि पुण्याचा तो फोन! मामंजी आयुष्यभर शिक्षक, त्यांना वाटत होतं आम्ही नातीला खालच्या शाळेत ढकलतोय. आमचं ते ऐकेनात. तुम्ही फोन घेतलात, आधी त्यांच्या शाळेची चौकशी केलीत, मग सगळ्या वाटा सावकाश सांगितल्यात. शेवटी ते म्हणाले, "पोरीला तिथे आवडेल ना? मग झालं." त्या संध्याकाळी आमच्या घरातला ताण गेला, काकू. तो आम्हा दोघांनाही घालवता आला नव्हता.

लेक आता सहावीत आहे. मैत्रिणींशी भांडते तीसुद्धा जर्मनमध्ये, आणि घरी येऊन भांडणाची सगळी हकिकत मराठीत सांगते. सातवीपासूनचा विषयगट यंदा निवडायचा, तर गणित-विज्ञान की हस्तकला, यावर तिचं तिचं चाललंय.

धाकटा येत्या ऑगस्टमध्ये सहा वर्षांचा होईल. जुलै ते सप्टेंबरमध्ये सहा पूर्ण करणाऱ्यांना यंदा घालायचं की एक वर्ष थांबायचं हे आईबापांनी ठरवायचं असतं, आणि एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत शाळेला लेखी कळवायचं असतं. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "मला नको, त्याला रोज बघणाऱ्या किंडरगार्टनच्या बाईंना विचार." पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे जातोय.

हल्ली नवी कुटुंबं आम्हालाही फोन करतात. त्यांना मी घराचा पत्ता, फीचं तिसरं वर्ष आणि 3.33 चा नियम आधी सांगते, आणि हे तुमच्याकडून शिकले तेही सांगते. दिवाळीत काकांना घेऊन फराळाला या. चकली मी करते, अनारसे मात्र तुमचेच हवेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
दोन्ही पोरांची आई