नंदाताईच्या वजनाबद्दल, आईला

सॅन डिएगो

ती. आईस,
सा. नमस्कार.

हे फोनवर बोलता येत नाही. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजारी आत्या बसलेली असते. म्हणून पत्र.

नंदाताईसाठी वजन उतरवायचं इंजेक्शन पाठव म्हणालीस. अगं, ती नवी इंजेक्शनं २०२५ पासून मुंबईतही मिळतात. द्यायचं की नाही ते तिचे डॉक्टर ठरवतील. साखर आहे, गुडघे धरलेत, तेव्हा कदाचित देतीलही. मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

मी राहते त्याच या शहरात १९८० च्या दशकात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेत लोकांचं वजन उतरवायचे. उतरायचंही भराभर. पण ज्यांचं चांगलं उतरत होतं, तेच मध्येच सोडून जायला लागले. एका बाईने तर वर्षभरात शंभराहून जास्त किलो घटवले. मग कामावरच्या एका पुरुषाने लगट केली आणि काही आठवड्यांतच तिचं वजन पुन्हा चढायला लागलं. फेलिटींनी अशा लोकांना बसवून विचारलं, तेव्हा कितीतरी जणांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं निघालं. बलात्कारानंतरच्या वर्षात अंगाने खूप वाढलेली एक जण त्यांना म्हणाली की जाड बाईकडे कुणी बघत नाही, आणि मला तेच हवंय. डॉक्टर ज्याला आजार म्हणत होते, तो तिचा आडोसा होता.

पुढे फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी सतरा हजारांहून जास्त लोकांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. १९९८ साली पहिले निष्कर्ष छापून आले. मारहाण, अपमान, अत्याचार, घरातली दारू, आईला होणारी मारझोड, असे चार किंवा जास्त प्रकार ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात फार जास्त स्थूल असण्याची शक्यता असं काहीच वाट्याला न आलेल्यांच्या दीडपटीहून थोडी जास्त होती. २०१४ मध्ये ४१ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही लहानपणी छळ झालेल्यांत स्थूलतेची शक्यता सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त निघाली. फरक आहे, पण मार खाल्लेलं प्रत्येक पोर जाड होत नाही, आणि प्रत्येक जाड माणसामागे असं काही असतं असंही नाही. आत्याला पत्र वाचून दाखवलंस तर हे वाक्य दोनदा वाच, नाहीतर ती सोसायटीतल्या सगळ्या बायकांची लहानपणं उकरायला निघेल.

नंदाताईचं मात्र आपल्याला उकरायला नको. लालबागच्या चाळीत सगळ्या मजल्याला ऐकू जायचं. ८२ च्या संपात तिच्या वडिलांची, नानांची गिरणी गेली, मग दारू, मग पट्टा. लोक म्हणायचे, बिचारा, नोकरी गेली ना त्याची. नोकरी तर अर्ध्या लालबागची गेली होती, सगळ्यांनी पोरींवर पट्टे काढले नाहीत. पट्ट्यापेक्षा वाईट त्यांचं तोंड होतं. 'म्हैस' हा शब्द नंदाताईने पहिल्यांदा बापाच्या तोंडून ऐकला, तेव्हा ती काडीसारखी होती.

अशा रात्री तूच तिला आपल्या खोलीत ओढून घ्यायचीस आणि तूपसाखरेची पोळी द्यायचीस. त्या घडीला तुझ्या हातात तेवढंच होतं, आणि ते फार मोठं होतं. पोळी खाऊन ती खरंच शांत व्हायची, मला आठवतं. सतत धास्तीत वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक चढं राहू शकतं. त्याने भूक वाढते, चरबी पोटावर साठते, झोपही धड लागत नाही. गोड आणि तुपकट खाल्लं की धास्ती जरा ओसरते, आणि शरीर ते लक्षात ठेवतं. ती आजही रात्री उठून खाते म्हणून तू वैतागतेस ना, ते निव्वळ जिभेचे चोचले नव्हेत.

म्हणून एवढं कर. हॉलमधला वजनकाटा माळ्यावर टाक. ती ताटावर बसली की 'भात पुरे आता' कुणी म्हणायचं नाही, आत्याने तर नाहीच. आणि हे वाचून लगेच तिला खोदून विचारायलाही जाऊ नकोस. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल. बाहेरच्या कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली मानस सेवा आहे, १४४१६ वर, फुकट, मराठीतही बोलतात. नंबर फ्रिजवर चिकटवून ठेव, कुणासाठी ते सांगू नकोस. गुडघ्यांचं आणि साखरेचं औषधपाणी चालू राहू दे. चालायला जायचं तर तू तिच्याबरोबर जा, तुझीही साखर काही कमी नाही.

गौरींना ती येणारच आहे. दरवर्षी आडून 'मोठ्या मापाचं' म्हणत तिला साडी-ब्लाउज द्यायचं नाटक यंदा नको. तिला आवडतो तो मोरपंखी रंग घे, पैसे मी पाठवते.

बाबांना नमस्कार, चिंटूला पापा.

तुझी,
माई