जुनी कचेरी पाडण्यापूर्वी

महोदय,

न्यायालय नव्या इमारतीत गेल्यापासून आमच्या वऱ्हाडातील तालुक्याच्या गावची जुनी कचेरी कुलूपबंद असून, ती पाडून तेथे व्यापारी गाळे काढण्याची चर्चा कानावर येते. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, 1903 मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला, 1956 मध्ये आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. पण तारखेला आलेला शेतकरी मात्र याच व्हरांड्यात शिदोरी सोडत राहिला. (अर्ज लिहिता लिहिता मीही तेथेच जेवलो आहे.) साक्षीदारांच्या तळहातांनी गुळगुळीत झालेला पिंजऱ्याचा सागवानी कठडा खिडकीतून अजून दिसतो.

इमारत पडायला आली, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. चुन्यात बांधलेली भिंत ओल बाहेर टाकते. मागील डागडुजीत तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला गेला आणि ओल आत कोंडून विटा भुसभुशीत झाल्या. तो गिलावा काढून चुन्याचा द्यावा, पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावेत आणि 1960 च्या प्राचीन स्मारक अधिनियमाखाली संरक्षणाचा प्रस्ताव पाठवावा. आतल्या दप्तरांची नोंद तर उद्याच व्हावी, कारण वाळवी प्रस्तावाची वाट पाहत नाही.

– एक निवृत्त अर्जनवीस